पालव मॅडमच्या वड्या

हे लिहायला घेऊन मला तीन रविवार झाले. पहिल्या रविवारी फक्त शीर्षक लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या रविवारी वाटलं, आपण कोण लागून गेलो कुणाबद्दल लिहिणारे? आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील कांजूरमार्गला एका गोदामात माल चढवतात-उतरवतात, आई ब्लाउज शिवते. मराठीत मला दहावीला कसेबसे मार्क पडले होते. पालव मॅडमना मी ओळखतो ते जेमतेम अडीच वर्षं, तेही एका खोलीपुरतं. त्यांच्याबरोबर सोळा-सोळा वर्षं काढलेली माणसं आहेत, लिहायचा हक्क खरा त्यांचा. पण ती लिहिणार नाहीत, हे मला गेल्या महिन्यात कळलं. म्हणून मी लिहितोय. चुकीचं वाटेल ते माझं समजावं. आणि मॅडम, तुमच्या हाती हे पडलंच, तर रागावू नका. आकडे मी वहीत बघून घातलेत.

सुनंदा पालव. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात त्या सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल घ्यायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतलेल्या तासांचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि दर जूनला नवा अर्ज. अशी सोळा वर्षं झाली होती. पीएच.डी. झाली तर कायम नेमणूक मिळण्याची आशा होती, नाही झाली तर नव्हती, इतकं ते सरळ होतं. दुपारी डबा खाल्ला की त्या तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत जायच्या आणि स्वतःचं काम करायच्या. विषय होता, लिथियम धातूच्या बॅटरीसाठी घन इलेक्ट्रोलाइट.

हा विषय त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावला, तो तसाच सांगतो. मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी त्यांच्याकडे गेलो होतो.

“मोबाईलच्या बॅटरीत दोन टोकं असतात आणि मध्ये एक द्रव. लिथियम त्या द्रवातून इकडून तिकडे जातं-येतं. तो द्रव पेट घेतो. म्हणून द्रवाच्या जागी एक वडी ठेवायची. दगडासारखी घट्ट, पण आतून लिथियमला वाट देणारी. मग एका टोकाला सरळ लिथियम धातूच लावता येतो. बॅटरी हलकी होते, जास्त चालते, पेटत नाही. कळलं?”

“हो मॅडम.”

“मग यात अवघड काय आहे, सांग.”

 मी म्हणालो, “सॉरी मॅडम.”

“सॉरी कशाला? तू अजून काही केलेलंच नाहीस. करशील तेव्हा म्हण.” मग त्यांनी टेबलावरची एक वडी उचलून माझ्या तळव्यावर ठेवली. रुपयाच्या नाण्याएवढी, हस्तिदंती रंगाची, मधोमध केसासारखी काळी रेघ. “लिथियम लबाड असतं. वडीत कुठे बारीक फट आहे ते शोधतं आणि धाग्यासारखं वाढत वाढत पलीकडच्या टोकाला जाऊन टेकतं. टेकलं की शॉर्ट. वाट लागली. ही बघ, हिची लागली.”

बाकी सगळे पेलेट म्हणायचे. मॅडम वडी म्हणायच्या, म्हणून मग मीही म्हणायला लागलो. लिथियम, लॅन्थॅनम आणि झिर्कोनियम यांची पूड ठरलेल्या प्रमाणात घोटायची, साच्यात दाबायची आणि क्रुसिबल नावाच्या पांढऱ्या भांड्यात ठेवून भट्टीत अकराशे अंशांच्या वर भाजायची. भाजताना लिथियम उडून जातं, म्हणून वडीच्या वर-खाली त्याच पुडीचं पांघरूण. भट्टी थंड व्हायला दुसरा दिवस उजाडतो. बाहेर काढल्यावर मॅडम वडी काचेवर टाकायच्या. टणत्कार आला तर ठीक, आवाज बसका आला तर त्या नुसती मान हलवायच्या.

मेलेल्या वड्या त्या फेकत नसत. लोणच्याची एक मोठी बरणी होती, तिच्यात प्रत्येक वडी कागदाच्या पुडीत बांधून, वर नंबर आणि मरणाचं कारण लिहून टाकायच्या. कारणं ठरलेली होती. ‘फुटली.’ ‘शॉर्ट.’ ‘वीज गेली.’ ‘माझी चूक.’ आणि सगळ्यात जास्त पुड्यांवर, ‘कळलं नाही.’

आमचे लॅब अटेंडंट गायकवाड मामा त्या बरणीला मॅडमचं स्मशान म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, “मामा, तुमच्यासाठी पण एक पुडी ठेवलीय. नीट वागा.”

त्यांचं बोलणं असं होतं. फटकळ, पण कुणाला लागू नये इतक्या वेगात की लागेपर्यंत त्या पुढच्या कामाला लागलेल्या असत. रागावल्या की मालवणीवर जायच्या. एकदा मी घामेजल्या हाताने लॅन्थॅनमची बाटली उघडली. ती पूड हवेतलं पाणी ओढते, मग वजन खोटं येतं. मॅडम दारातून ओरडल्या, “मेल्या, खंय बघतंस? बंद कर आधी ती!” आणि दुसऱ्या मिनिटाला शुद्ध मराठीत, “रुमाल आहे ना? नसला तर हा घे.”

त्यांचा एक प्रश्न सगळ्या डिपार्टमेंटला पाठ होता. कुणीही आनंदाने काही सांगायला आलं की त्या विचारायच्या, “किती वेळा?” एकदा माझ्या प्रोजेक्टमध्ये एक आकडा फार सुंदर आला. मी धावत गेलो. “मॅडम, आला!” “किती वेळा?” मी म्हणालो, “एकदा.” “मग तो आला नाही. तो चुकून इकडे फिरकला. उद्या परत बोलाव त्याला.” दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही.

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता, आणि तो कागदावर होता. पीएच.डी.च्या नोंदणीवेळी विद्यापीठाला जो आराखडा दिला, त्यात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, ‘अंतिम निष्कर्ष किमान तीन सेलवर तपासला जाईल, प्रत्येक सेल किमान तीस दिवस.’ कुणी मागितलं नव्हतं. आमचे गाईड सर सांगायचे, “मी तेव्हाच बोललो होतो, सुनंदा, हे वाक्य काढ. ऐकेल तर ना.”

मी आल्यावर चार महिन्यांनी अठ्ठावन्न नंबरची वडी चालली.

चालली म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंना लिथियमचा पत्रा दाबून तिचा सेल बांधला, मशीनला लावला, आणि स्क्रीनवरची रेघ जशी हवी तशी वर-खाली, वर-खाली जात राहिली. पहिला आठवडा मॅडम रोज म्हणायच्या, “आज पडेल.” दुसऱ्या आठवड्यात म्हणणं बंद केलं. महिना झाला तेव्हा मामांनी मशीनपुढे अगरबत्ती लावायची परवानगी मागितली. “धूर नको,” मॅडम म्हणाल्या, “नुसता नमस्कार करा.” मशीनचं एकच चॅनल चालू स्थितीत होतं, म्हणजे एका वेळी एकच सेल लावता यायचा, आणि बनवून ठेवलेली वडी आमच्या दमट हवेत आठवड्याभरात खराब होते, म्हणून त्या दुसरी बनवायला घेत नव्हत्या. अठ्ठावन्न थांबली की लगेच एकोणसाठ, साठ. तीन झाल्या की प्रबंध लिहायला बसायचं. दीड महिना ती रेघ पडली नाही.

आणि मग कमिटी आली.

कॉलेजला दर्जा देणारी कमिटी येणार असली की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पंधरा दिवस तासांना सुट्टी आणि भिंतींना रंग. भाड्याच्या कुंड्या. प्रत्येक दारावर नवी पाटी. प्रिन्सिपल सर आमच्या खोलीत येऊन म्हणाले, “पालव मॅडम, या वायरी फार लोंबतायत. जरा गुंडाळून ठेवा ना, दोन दिवस.” मॅडमनी समजावलं की सेल चालू आहे. ते म्हणाले, “दीड महिना चालला ना? झालं की मग!” अठ्ठावन्न नंबरची वडी मॅडमनी स्वतः बंद केली. पुडीवर लिहिलं, ‘मेली नाही. बंद केली.’

खोलीची सफाईही त्यांनी कुणाला करू दिली नाही. मामांना म्हणाल्या, “तुम्ही फडकं फिरवता, साफ नाही करत.” दोन दिवस पदर खोचून त्या एकेक वस्तू घासत होत्या. त्यांचं लहानपण कांजूरच्या एका चाळीत गेलं, गिरणीतून सुटलेल्या वडिलांच्या घरात. दारिद्र्य असलं तरी भांडी आरशासारखी हवीत, हा त्यांच्या आईचा कायदा, हे त्यांनीच मला त्या दिवशी घासता घासता सांगितलं. क्रुसिबल तर फारच खराब दिसत होतं. बाहेरून काळपट, आतून पिवळट काचेसारखा थर, सात-आठ वर्षांच्या भाजण्यांचा. मॅडमनी ते ॲसिडमध्ये उकळलं, पॉलिश पेपरने आतून खरवडलं, परत उकळलं. संध्याकाळी ते दुधासारखं पांढरं झालं होतं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाल्या, “झकास ना?”

मी म्हणालो, “एकदम झकास मॅडम.” मला वेगळं काही सुचलं नाही, कळतही नव्हतं.

कमिटीचे अध्यक्ष आमच्या खोलीत चार मिनिटं होते. त्यांनी क्रुसिबल हातात घेतलं. “नवीन घेतलेलं दिसतंय.”

“नाही सर, जुनंच आहे. घासलंय.”

“वा. लॅब अशी हवी.” मग त्यांनी विचारलं, “तुमची ही बॅटरी स्कूटरमध्ये कधी दिसणार?”

“माहीत नाही सर.”

मागे प्रिन्सिपल सर खोकले. अध्यक्ष हसून म्हणाले, “अंदाजे?”

“अंदाजे पण माहीत नाही. सध्या ती बशीएवढ्या जागेत चालत नाहीये.”

ते गेल्यावर गाईड सर डोक्याला हात लावून बसले. “अगं, पाच वर्षं म्हणायचं. सगळे पाच वर्षंच म्हणतात.”

एकोणसाठ नंबरची वडी फुटली. साठ शॉर्ट. एकसष्ट, बासष्ट काचेवर बसका आवाज करून पडल्या. मग पुढचे चौदा महिने एकही वडी चार दिवसांच्या वर टिकली नाही.

या चौदा महिन्यांबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. रोज तेच करून रोज तेच बिघडतं, तेव्हा सांगण्यासारखं काही घडत नाही, नुसता माणूस आतून झिजतो. मॅडमनी आधी हवेला दोष दिला आणि खोलीत ओल शोषणारं यंत्र आणवलं. मग लिथियमच्या पुडीला, मग गॅसच्या सिलिंडरला. भट्टीचं तापमान खोटं दाखवतं अशी शंका आली म्हणून ते तपासायला माणूस बोलावला, तो म्हणाला, “भट्टी चांगलीय बाई, तुमचं नशीब बघा.” एकदा त्यांनी मला विचारलं, “नितीन, तू खरंच दोन दोन तास घोटतोस ना रे?” मी हो म्हणालो. मला रडू येईल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “काल मी मूर्खासारखं विचारलं,” आणि माझ्या हातातला खल काढून घेऊन स्वतः दोन तास घोटत बसल्या. ती वडीही फुटली. पुडीवर ‘कळलं नाही’.

याच दिवसांत त्यांच्या सोसायटीत मागच्या विंगला एक बॅटरीची स्कूटर चार्जिंगला लावलेली असताना जळाली. माणसांना काही झालं नाही, पण दोन सायकली आणि मीटरचा बोर्ड गेला. सोसायटीची मीटिंग झाली आणि सगळ्यांनी मॅडमना पुढे केलं, कारण त्या बॅटरीवाल्या मॅडम. हा किस्सा त्यांनीच आम्हाला डबा खाताना सांगितला.

“सेक्रेटरी म्हणतो, मॅडम, तुम्ही यावर काम करता ना? मग कुठली घ्यायची सांगा, न पेटणारी. मी म्हटलं, माझी घ्या. माझी अजिबात पेटत नाही.”

“मग?” मामांनी विचारलं.

“मग काय. म्हणाला, अरे वा, किती किलोमीटर जाते? मी म्हटलं, ती जातच नाही. म्हणून तर पेटत नाही.”

आम्ही खूप हसलो. मॅडम हसल्या नाहीत. डब्यातला शेवटचा घास त्यांनी तसाच ठेवला आणि म्हणाल्या, “जळालेल्या स्कूटरचा मालक माझ्या मागच्या बाकावर होता शाळेत. तो पण विचारत होता.”

वड्या का मरतात ते एका मंगळवारी कळलं. वजनकाटा दुरुस्त होऊन आला होता. तो बरोबर दाखवतो का ते बघायला मॅडमनी सहज हाताशी होतं ते क्रुसिबल त्यावर ठेवलं. कमिटीच्या वेळी घासून झाल्यावर सहज एकदा केलेलं त्याचं वजन वहीत होतं, आता त्याहून जास्त आलं. “काटा परत पाठवायला लागणार,” त्या वैतागून म्हणाल्या. मी प्रमाणित वजनं लावून पाहिली. काटा बरोबर होता. मॅडमनी नवा आकडा वहीत लिहिला. मग त्या क्रुसिबलमध्ये एक वडी भाजायला लावली. दुसऱ्या दिवशी रिकामं करून परत वजन केलं. अजून वाढलं होतं. वडीचं घटलं होतं, त्यातलं बरंचसं भांड्यात गेलं होतं.

“पितंय,” मॅडम म्हणाल्या. “भांडं पितंय लिथियम.”

सात-आठ वर्षांत ते भांडं पोटभर पिऊन बसलं होतं. तो पिवळट थर म्हणजे त्याचं भरलेलं पोट. त्यानंतर त्यात ठेवलेल्या वडीचं लिथियम वडीतच राहायचं. घासून, खरवडून, उकळून ते परत उपाशी केलं गेलं होतं, आणि चौदा महिने ते प्रत्येक वडीतून थोडं थोडं ओढून घेत होतं. वडी आतून पोकळ राहायची. पोकळीत लिथियमचा धागा वाढायचा.

मॅडमनी प्रत्येक वस्तूचं वजन केलं होतं. पुडीचं, वडीचं, पत्र्याचं. भांड्याचं दर वेळी कोण करतं?

मला वाटलं त्या ओरडतील. त्या स्टुलावर बसल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघत हळू म्हणाल्या, “माझ्याच हातान वाट लावलंय मिया.” मामा म्हणाले, “अहो मॅडम, कमिटी होती...” “कमिटीने घासा नव्हतं सांगितलं मामा. वायरी गुंडाळा सांगितलं होतं. घासलं मी.”

त्या दुपारी त्यांनी बरणी टेबलावर उपडी केली आणि कमिटीनंतरच्या सगळ्या पुड्या बाजूला काढल्या. एकेका पुडीवरचं ‘कळलं नाही’ खोडून ‘माझी चूक’ लिहिलं. एकतीस पुड्या होत्या. मी म्हणालो, “मॅडम, निदान ‘क्रुसिबल’ लिहा ना.” त्यांनी मान वर केली नाही. “क्रुसिबलने काय केलं बिचाऱ्याने?”

नोंदणीची मुदत संपायला तेव्हा अकरा महिने होते. दोनदा मिळते ती मुदतवाढ त्यांची दोन्ही वेळा घेऊन झाली होती. हिशोब आम्ही तिघांनी मिळून केला. भांडं परत पोटभर पाजायचं, म्हणजे टाकाऊ पूड भरून भट्टी लावायची, काढायची, वजन करायचं, परत भरायची. वजन वाढायचं थांबेपर्यंत. त्याला निदान सहा-सात महिने. मग तीन वड्या, एकाच चॅनलवर, महिना महिना. सगळं सुरळीत गेलं तर जेमतेम बसत होतं. आमच्या खोलीत सगळं सुरळीत गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

गाईड सर वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचंय. ते निवृत्तीला आले होते आणि मॅडमची डिग्री व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी एक दिवस दार लोटून घेतलं, पण आमच्या खोलीचं दार कधीच नीट लागत नाही.

“सुनंदा, अठ्ठावन्न चालली ना? दीड महिना. ती एक. आता दोन कर. झाल्या तीन.”

“सर, ती जुन्या भांड्यातली आहे.”

“भांडं तेच आहे!”

“भांडं तेच आहे, पण तेव्हा त्याच्या पोटात काय किती होतं ते मला माहीत नाही. ते मोजलेलं नाही. मी आता म्हणणार की भांड्यामुळे सगळं होतं, आणि ज्याचं भांडं मोजलंच नाही ती वडी त्यात मोजणार? कुणी विचारलं तर?”

“कोण विचारणार आहे? ते वाक्य तू लिहिलंस. तीन म्हणून कुणी सांगितलं नव्हतं तुला.”

“मी लिहिलं म्हणूनच ना सर.”

सर बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मला म्हणाले, “तू तरी सांग तिला.” मी काय सांगणार? पण खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. मलाही तेव्हा मॅडमचा राग आला होता. सोळा वर्षं तासाच्या हिशोबाने शिकवणारी बाई. एका वडीचा प्रश्न. माझ्या वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “वडी खोटी होती का?” मी म्हटलं, “नाही, खरी होती.” “मग?” त्यांना मला समजावता आलं नाही. मला स्वतःला पुरतं समजलं होतं का, हेही सांगता येत नाही.

माझं एम.एस्सी. झालं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मला नोकरी लागली. स्कूटरच्या बॅटऱ्या तपासून शिक्का मारायचा. त्या सगळ्या द्रवाच्या. मार्कशीट आणायला कॉलेजात गेलो तेव्हा वर जाऊन आलो. मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

मे महिन्याची दुपार होती. कॉलेज रिकामं. खोलीत भट्टीचा घुमणारा आवाज आणि ओल शोषणाऱ्या यंत्राचा दुसरा. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून भांड्यात पूड भरत होत्या. वडी नव्हतीच. नुसती पूड, जी उद्या काढून टाकायची होती. बोटाने कडा पुसून त्यांनी ते काट्यावर ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला, लिहिला.

“कितवी मॅडम?”

“चाळिसावी.” त्यांनी वळून पाहिलं. “जाड झालास रे. मरोळचं पाणी लागलं.”

“वजन थांबलं का?”

“थांबत आलंय. दोन भाजण्या सारखंच आलं, काल परत वाढलं. खादाड आहे मेलं.” मग म्हणाल्या, “तिकडे तू काय करतोस?”

मी सांगितलं. रोज दीडशे बॅटऱ्या तपासतो.

“प्रत्येकीला किती वेळा?”

मी हातातली मार्कशीट पिशवीत सरकवली. एकदाच तपासतो आम्ही. त्यांनी ओळखलं असावं, कारण परत विचारलं नाही. चहा सांगितला, पण त्या वेळी कँटीन बंद होतं. मी निघालो तेव्हा त्या भट्टीचं दार लावत होत्या. दोन्ही हातांत जाड मोजे, चेहरा उष्णतेपासून बाजूला वळवलेला, आणि पायाने दार लोटताना चप्पल निसटलेली. “ये रे,” एवढंच म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

मी मग गेलो नाही. फोनही केला नाही. काय विचारायचं, झाली का? एवढंच विचारायचं होतं, आणि तेच विचारवत नव्हतं. मुदत संपायची तारीख आली आणि गेली. मी मनात धरून चाललो की झालं असेल.

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत गायकवाड मामांचा फोन आला. त्यांच्या पुतण्याला आमच्या कारखान्यात लावता येईल का म्हणून. ते बोलणं झाल्यावर मी विचारलं, “मामा, मॅडमचं काय झालं?”

“तुला ठाऊक नाय?” मामा म्हणाले. “दोन चालल्या. महिना महिना, एकदम टकाटक. तिसरी मशीनवर होती, तिचे वीस दिवस झालेले, आणि मुदत संपली. सरांनी हातापाया पडायचं बाकी ठेवलं. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे म्हणाले, नायतर ती जुनी धर. मॅडमनी प्रबंधात दोन लिहिलं. तिसरी चालू आहे, वीस दिवस, असं लिहिलं. विद्यापीठाने आराखडा काढून बघितला. तीन पायजेत. प्रबंध परत. नोंदणी रद्द.”

 आजूबाजूला पोरं जेवत होती, कुणीतरी रील बघत होतं.

“आणि तिसरी?” मी विचारलं.

“तीच तर गंमत आहे ना बाबा. नोंदणी गेली म्हटल्यावर ऑफिसने खोलीची चावी मागितली. तिथे आता झेरॉक्सचं मशीन ठेवायचंय. मॅडमनी अर्ज दिला, चालू सेल आहे तो बंद पडेपर्यंत खोली राहू द्या. प्रिन्सिपल सरांनी सही केली. त्यांना वाटलं, आठवडाभराचं काम. त्याला आता पाचवा महिना. रोज दुपारी येतात, आकडा लिहितात, जातात. झेरॉक्सवाला दोनदा येऊन गेला. पण तो सेल पडतच नाय.”